लॅपटॉप पुन्हा पुन्हा बंद पडतो, तेव्हा दोष कुणाचा?



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १४ ते १६

भावार्थ: कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात. अधिष्ठान म्हणजे आधार, कर्ता, निरनिराळी करणं म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवं दैव. माणूस शरीराने, वाणीने किंवा मनाने जे काही करतो, ते योग्य असो की अयोग्य, त्याच्यामागे ही पाचही असतात. असं असूनही जो केवळ आत्म्यालाच, म्हणजे 'मलाच', कर्ता समजतो, त्याची बुद्धी अजून घडलेली नाही. त्याला नीट दिसत नाही.

चिंतन:

हे श्लोक वाचताना आपलं लक्ष बहुतेक वेळा 'मी कर्ता नाही' या एकाच गोष्टीकडे जातं. मूळ रोख तोच आहे. पण याच श्लोकांत रोजच्या जगण्यात वापरता येईल असा एक न्यायही आहे. 'मीच केलं' ही जशी चूक, तशीच 'त्यानेच केलं' हीसुद्धा चूकच. दोन्हींमध्ये पाचापैकी चार कारणं डोळ्यांआड होतात. आज हा न्याय आपण एका अगदी साध्या गोष्टीला लावून बघू: पुन्हा पुन्हा बंद पडणारा लॅपटॉप.

हसू नका हं. उद्या सबमिशन आहे, रात्रीचा दीड वाजलाय, आणि स्क्रीन एकदम काळी होते. किंवा ऑफिसचा कॉल चालू आहे, तुम्ही स्क्रीन शेअर केलीय, आणि निळा पडदा येतो. आठवड्यातली ही तिसरी वेळ. त्या दहा सेकंदांत आपल्या तोंडून काय निघतं आणि कुणाच्या दिशेने निघतं, यावरून सकाळचं वाचन किती मुरलंय ते कळतं. जपमाळ हातात असताना शांत राहणं सोपं असतं, खरी परीक्षा इथे होते.

आधी समजून घेऊ, नेमकं होतं काय

ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणजे एक दुभाष्या. विंडोज एक भाषा बोलते, ग्राफिक्स चिपला दुसरी कळते. आपण व्हिडिओ लावतो, गेम खेळतो, नुसती खिडकी लहान-मोठी करतो, तरी हा दुभाष्या मध्ये उभा असतो. तो गोंधळला तर दोघंही आपापल्या जागी ठीक असूनही संवाद तुटतो.

विंडोज व्हिस्टापासून यासाठी एक व्यवस्था आहे, तिला टीडीआर म्हणतात. चिपला काम दिलं आणि साधारण २ सेकंदांत काहीच प्रतिसाद आला नाही, तर विंडोज समजते की गाडी अडकली. मग ती चिप आणि ड्रायव्हर दोन्ही पुन्हा सुरू करते. आपल्याला दिसतं ते एवढंच: पडदा क्षणभर काळा होतो आणि परत येतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मात्र ४१०१ क्रमांकाची नोंद पडते, की डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता तो सावरला आहे. सावरणं जमलंच नाही, किंवा एका मिनिटात पाचाहून जास्त वेळा असं झालं, तर विंडोज स्वतःच थांबते. तोच तो निळा पडदा, आणि त्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' अशी अक्षरं.

आता प्रश्न येतो की एवढ्याशा ड्रायव्हरमुळे अख्खा लॅपटॉप का आडवा होतो? ब्राउझर हँग झाला तर फक्त ब्राउझर बंद पडतो ना! कारण असं की ड्रायव्हरचा महत्त्वाचा भाग कर्नलमध्ये चालतो. कर्नल म्हणजे संगणकाचा गाभारा. सभामंडपात कुणी अडखळलं तर तो एकटा पडतो. गाभाऱ्यात, जिथे समई तेवत असते तिथे कुणी अडखळलं, तर प्रसंग वेगळाच होतो. अधिकार जितका आत पोचलेला, तितकी चूक महाग. ही गोष्ट ड्रायव्हरला लागू आहे, तशी घरातल्या मोठ्यांना, टीम लीडला आणि कीर्तनकारालाही लागू आहे.

ज्याचं नाव दिसतं, तोच दोषी असतो का?

निळ्या पडद्यावर कधी कधी एखाद्या फाइलचं नाव येतं. आपण लगेच म्हणतो, सापडला चोर! पण जाणकार तंत्रज्ञ तिथे थांबत नाही. कारण नाव येतं ते पडताना जो समोर होता त्याचं. खराब रॅममुळे ड्रायव्हरची माहितीच बिघडलेली असू शकते. चिप इतकी तापलेली असू शकते की ती उत्तरच देऊ शकत नाही. अशा वेळी ड्रायव्हर गुन्हेगार नसतो, तो जखमी असतो.

आणखी एक नोंद खूप जणांना फसवते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल पॉवर ४१' असं लाल खुणेसह दिसतं, आणि माणूस चार्जर बदलायला धावतो. त्या नोंदीचा अर्थ एवढाच असतो की लॅपटॉप नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. तो का पडला, हे ती नोंद सांगतच नाही. पडल्याची बातमी आणि पडण्याचं कारण, या दोन गोष्टी आपण किती सहज एक करून टाकतो!

याचं एक मोठं, जाहीर उदाहरण आहे. विंडोज व्हिस्टा आली तेव्हा तिची भरपूर बदनामी झाली. 'विंडोज क्रॅश होते' असंच सगळे म्हणायचे, कारण पडद्यावर नाव विंडोजचं दिसायचं. पुढे अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली. त्यात २००७ सालच्या व्हिस्टा क्रॅशची आकडेवारी होती. सुमारे २९ टक्के क्रॅश एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या खात्यावर, सुमारे १८ टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टच्या, आणि सुमारे १७ टक्के चक्क 'अज्ञात'.

पण आता 'म्हणजे एनव्हिडियाच दोषी' असंही पटकन म्हणू नका. व्हिस्टाने ग्राफिक्स ड्रायव्हरची रचनाच बदलली होती, त्यामुळे सगळ्यांनाच ड्रायव्हर नव्याने लिहावे लागले. ही रचना ठरवली मायक्रोसॉफ्टने. म्हणजे दोषाचा धागा ओढत गेलं की तो एका माणसापाशी संपत नाही, दुसऱ्या धाग्यात गुंतलेला निघतो. भगवंतांनी पाच कारणं सांगितली, त्यामागचा अनुभव हाच आहे.

एक घर डोळ्यांसमोर आणा

दोन खोल्यांचं घर. दादा नोकरीला, धाकटा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. लॅपटॉप दोघांत एकच. दिवसा दादाचं काम, रात्री धाकट्याचा अभ्यास आणि थोडा गेम. एक दिवस लॅपटॉप मध्येच बंद पडायला लागतो.

दादाचा निकाल तयार असतो. "तुझ्या त्या गेममुळेच झालंय हे."

"अरे दादा, मी काही नाही केलं. गेम तर तीन आठवड्यांपासून आहे."

"मग मी केलं का? उद्यापासून हात लावायचा नाही लॅपटॉपला."

आई दोघांमध्ये पडते, बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. असं घर तुमच्या ओळखीचं असेल.

इथे पणाला लागलंय ते लॅपटॉपपेक्षा मोठं आहे. धाकट्याने एक गोष्ट खरी सांगितली, आणि ती कुणी ऐकली नाही. पुढच्या वेळी तो सांगेल का? खोट्या आरोपाचं सगळ्यात मोठं नुकसान हे असतं की माणूस खरं सांगणं बंद करतो. आणि खरं कारण तसंच राहतं. गेम काढून टाकला जातो, दोन दिवसांनी स्क्रीन पुन्हा काळी होते, आणि तोवर नात्यात आठवडाभराचा अबोला जमलेला असतो.

समजा, दादाने तेव्हाच रिलायबिलिटी मॉनिटर उघडला असता. विंडोजमध्ये तो असतोच. त्यात दिवसवार तक्ता दिसतो: कधी काय बिघडलं, कधी काय नवीन आलं. गेम तीन आठवड्यांपूर्वी आला, त्यानंतर पंधरा दिवस काहीच बिघाड नाही. मग विंडोज अपडेटमधून ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला, आणि पहिली लाल फुली दुसऱ्याच दिवशी. धाकट्याचं म्हणणं खरं होतं हे सिद्ध व्हायला पाच मिनिटं पुरली असती.

अध्याय १८ च्याच २२ व्या श्लोकात तामस ज्ञानाची खूण सांगितली आहे: एकाच गोष्टीला सगळं समजून चिकटून बसणं, तेही कारणाशिवाय. गंमत बघा, भगवंत त्याला अज्ञान म्हणत नाहीत, ज्ञानच म्हणतात, फक्त तामस. म्हणजे चिकटून बसणाऱ्याला वाटत असतं की आपल्याला कळलंय. 'तुझ्या गेममुळेच' हे वाक्य म्हणणाऱ्याला शंभर टक्के खात्री असते. तीच धोक्याची खूण.

पाच कारणं लावून बघू

पारंपरिक भाष्यांत या पाचांचा अर्थ देह, जीव, इंद्रियं असा लावतात. खाली मांडलंय ते त्यावरून सुचलेलं आपलं रोजच्या कामापुरतं चिंतन आहे, श्लोकाचा अर्थ म्हणून ते घेऊ नका.

अधिष्ठान. ज्याच्या आधारावर सगळं चालतं ते यंत्र. चिप, पंखा, रॅम, आत साठलेली धूळ. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरला की खालची हवा कोंडते. म्हणून आधी हात लावून बघा, तापतोय का? पंखा फिरतोय का? रॅमची शंका असेल तर विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा.

कर्ता. वापरणारे आपण. आपण अलीकडे काय बदललं? हा प्रश्न स्वतःला विचारायचा, तोही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं न राहता.

करण. साधनं, म्हणजे ड्रायव्हर, विंडोज, ॲप्स. इथे सेफ मोड फार कामाचा. त्यात विंडोज चिप बनवणाऱ्याचा ड्रायव्हर बाजूला ठेवते आणि स्वतःच्या साध्या डिस्प्ले ड्रायव्हरवर चालते. सेफ मोडमध्ये तासन् तास काही होत नसेल आणि नेहमीच्या मोडमध्ये पडत असेल, तर संशय ड्रायव्हरकडे वळतो. मग डिव्हाइस मॅनेजरमधून आधीच्या आवृत्तीवर परत जायचं, किंवा ड्रायव्हर पूर्ण काढून लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरचा टाकायचा. काढताना इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर विंडोज अपडेट तोच ड्रायव्हर परत आणून बसवू शकते.

चेष्टा. त्या क्षणी चालू असलेल्या हालचाली. लॅपटॉप झोपेतून उठताना पडतो का? बाहेरचा मॉनिटर जोडताना? अनेक लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात, एक साध्या कामाला आणि एक जड कामाला. एकीवरून दुसरीवर जाताना पडतो का? 'कधी पडतो' हे कळलं की 'का पडतो' हे अर्धं कळतं.

दैव. शंकराचार्यांनी इथे दैव म्हणजे इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या सूर्यादी देवता असा अर्थ घेतला. आपण साधारण बोलताना प्रारब्ध म्हणतो. आपल्यापुरतं एवढं धरू की आपल्या हाताबाहेरचं आणि नजरेबाहेरचं जे काही आहे ते. मघाशी सांगितलेले ते १७ टक्के 'अज्ञात' आठवा. जगातली एवढी मोठी कंपनी, हाताशी सगळी यंत्रणा, तरी त्यांनाही एक रकाना 'माहीत नाही' असा ठेवावा लागला.

पण क्रम महत्त्वाचा आहे, मित्रांनो. दैव पाचवं आहे. पहिली चार न तपासता थेट पाचव्यावर उडी मारणं म्हणजे श्रद्धा नाही, तो आळस आहे. 'जाऊ दे, माझं नशीबच असं' म्हणणारा आणि 'तुझ्यामुळेच झालं' म्हणणारा, दोघांनीही तपासायचं टाळलेलंच असतं.

आणि एक नियम पाळा: एका वेळी एकच बदल. ड्रायव्हर बदलला, रॅम काढून लावली, अपडेट टाकलं, तेही एकाच संध्याकाळी, मग क्रॅश थांबले तरी कशाने थांबले ते कळणार नाही. एक बदल, मग दोन-तीन दिवस वाट. कंटाळवाणं वाटतं, पण साधनाही अशीच असते ना?

क्रोध आणि स्मृती

दुसऱ्या अध्यायाच्या ६३ व्या श्लोकात एक साखळी आहे. क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतीचा गोंधळ, त्यातून बुद्धीचा नाश. मधली स्मृतीची कडी आपण घाईत वाचून पुढे जातो. ती लॅपटॉपपुढे बसलं की नीट समजते. चिडलेल्या माणसाला 'कालपर्यंत ठीक होतं, मग काय बदललं?' हे आठवतच नाही. त्याला फक्त आत्ताचा काळा पडदा दिसतो आणि समोरचा माणूस दिसतो.

यंत्राला राग येत नाही, म्हणून त्याची नोंद शाबूत राहते. ते पडतानासुद्धा जमेल तेवढं लिहून ठेवतं. आपल्याला ते जमत नसेल तर निदान वही करा. तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं. चार ओळी पुरेत. चौथ्या-पाचव्या नोंदीनंतर बहुतेक वेळा क्रम दिसायला लागतो. आणि लिहिताना राग आपोआप उतरतो, हा वेगळाच फायदा.

गीतेच्या शेवटी, १८ व्या अध्यायाच्या ७३ व्या श्लोकात, अर्जुन काय म्हणतो? मोह गेला, स्मृती परत मिळाली. दुसऱ्या अध्यायात स्मृती कशी हरवते ते सांगितलं, आणि शेवटी ती परत मिळाल्याची पावती आली. मध्ये अर्जुनाने काय केलं? विचारलं, ऐकलं, पुन्हा विचारलं.

मग जबाबदारी कुणाचीच नाही का?

इथे एक रास्त शंका येते. पाच कारणं आहेत म्हटल्यावर प्रत्येक जण म्हणेल, 'माझं एकट्याचं काय?' मग दोषी कुणीच नाही!

यावर २००८ सालची एक घटना बघू. तेव्हा लॅपटॉपमधल्या एनव्हिडियाच्या काही ग्राफिक्स चिप प्रमाणाबाहेर निकामी व्हायला लागल्या. अशी चिप जाताना दिसतं ते ड्रायव्हर बिघडल्यासारखंच: काळा पडदा, रेघा, अचानक बंद. त्यामुळे ड्रायव्हर बदलत बसलं तरी गुण येणार नव्हता. त्या वर्षी जुलैमध्ये कंपनीने जाहीर केलं की दुरुस्ती आणि बदलीच्या खर्चासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत आहोत. कारण सांगताना त्यांनी म्हटलं की चिपमध्ये वापरलेलं साहित्य आणि लॅपटॉपची रचना, या दोन्हींच्या एकत्र परिणामाने हे झालेलं दिसतं. पण ते तिथे थांबले नाहीत. तरीही ग्राहकांप्रती आमची जबाबदारी आहे आणि आमचा वाटा आम्ही उचलू, असंही ते म्हणाले. सगळ्या ग्राहकांचं समाधान झालं असं नाही, प्रकरण कोर्टात गेलंच. कंपनीच्या हेतूबद्दल कुणाला शंका असेल तर असो. आपल्याला त्या दोन वाक्यांची जोडी घ्यायची आहे: कारणं अनेक आहेत, आणि तरी माझा वाटा माझा आहे.

पाच कारणांचा न्याय सुटकेसाठी नाही, वाटा नेमका मोजण्यासाठी आहे. सगळा दोष दुसऱ्यावर टाकायचा नाही, सगळा स्वतःवर घेऊन कुढतही बसायचं नाही. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारचीही मुलं-मुली खूप आहेत. प्रोजेक्ट फसला, नातं तुटलं, आईचं आजारपण वाढलं, प्रत्येक वेळी 'माझ्यामुळेच' म्हणत रात्र रात्र जागणारी. त्यांनाही आजचा श्लोक तेच सांगतो: बाळा, पाच कारणं आहेत, तू त्यातलं एक. तुझा वाटा उचल, बाकीचे चार खाली ठेव.

आणि भगवंतांनी हे सगळं सांगून झाल्यावर अर्जुनाला मोकळं सोडलं का? नाही. ६३ व्या श्लोकात म्हणाले की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं ते कर. म्हणजे निर्णयाचं ओझं परत कर्त्याच्याच खांद्यावर. पाचापैकी एकच कारण असला, तरी ठरवायचं त्यालाच आहे.

एक सावधगिरीही सांगतो. काही जण क्रॅशवर उपाय म्हणून रजिस्ट्रीत जाऊन ती २ सेकंदांची मुदत वाढवतात. खरोखरच जड काम चिपकडून करून घ्यायचं असेल तर ते ठीक. पण चिपच आजारी असेल, तर मुदत वाढवून फक्त एवढंच होतं की ती पडायला जास्त वेळ घेते. आपणही घरात असंच करतो. वाद मिटवत नाही, फक्त बोलायची वेळ पुढे ढकलतो आणि त्याला शांती म्हणतो.

आजचा अभ्यास

आज दिवसभरात काहीही बिघडलं, लॅपटॉप, लोकल, भाजीतलं मीठ किंवा कुणाचा मूड, तर 'तुझ्यामुळे' किंवा 'माझ्यामुळे' म्हणण्याआधी पाच बोटं मोजा: आधार, करणारा, साधन, हालचाल, दैव. प्रत्येक बोटाला एक प्रश्न. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पोचेतो राग निम्मा झालेला असेल.

आणि त्या घरातल्या दादासारखं कुणावर आधीच बोलून झालं असेल, तर आज जाऊन एवढंच म्हणा: "तू खरं सांगत होतास, मी ऐकलं नाही." ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर नेता येतो, बोललेला शब्द नेता येत नाही. पण त्याच्यामागून दुसरा शब्द पाठवता येतो.

भगवंता, आम्हाला नीट बघायची बुद्धी दे. आमचा वाटा ओळखायची हिंमत दे, आणि दुसऱ्याचा वाटा फुगवून सांगायची सवय काढून घे.

राम कृष्ण हरी!